राखीव डब्यावरचे नाव

आमच्या सेवागृहातील प्रत्येक पंख्याच्या पात्यावर कोणा ना कोणा दिवंगताचे नाव रंगवलेले आहे. पंखा फिरत असेपर्यंत ते दिसत नाही. वीज गेली की पाती मंदावतात आणि अंथरुणावरच्या रुग्णाला छतावरचे 'स्मरणार्थ' हळूहळू वाचता येऊ लागते. बुऱ्हाणपुरात वीज पुष्कळदा जाते.

येथे येणारे रुग्ण बरे होऊन परतण्यासाठी येत नाहीत. ज्यांच्यावरील औषधांचा उपयोग संपला आहे, ज्यांची मुले दूरदेशी आहेत, अशांना शेवटचे दिवस वेदनेविना, तापीच्या सान्निध्यात काढता यावेत, एवढ्यासाठी हे घर आहे. शाळेतील संस्कृत-अध्यापनातून निवृत्त झाल्यावर विश्वस्त मंडळाने मला अध्यक्ष केले. घर दानावर चालते, आणि दानाची आमच्याकडची रीत अशी की दात्याने वस्तू द्यावी व तिच्यावर आपल्या गेलेल्या माणसाचे नाव घालावे. खाटा, पाण्याच्या टाक्या, प्राणवायूची यंत्रे, सारे असेच आले. इंटरनेटही असेच आले.

घर नदीच्या उतारावर, खोलगट जागी आहे आणि भिंती दगडी आहेत. खोल्यांत मोबाईल लागत नाही, त्यासाठी गच्चीवर जावे लागते. म्हणून केळीच्या एका मोठ्या व्यापाऱ्यांनी, ज्यांना आम्ही शेठजी म्हणतो आणि जे मंडळाचे सदस्यही आहेत, वडिलांच्या स्मरणार्थ जमिनीखालून फायबरची लाइन आणून दिली. एका यंत्रमागवाल्यांनी आईच्या स्मरणार्थ गच्चीवर तबकडी बसवून टॉवरवरून दुसरी लाइन दिली. कोणी खोल्यांतील कॅमेरे दिले, कोणी इंदूरच्या डॉक्टरांशी बोलण्याचा संच दिला. प्रत्येकाने आपल्या दानासोबत आपला वेगळा डबा दिला आणि प्रत्येक डब्यावर वेगळी पाटी लावली. दिवंगतांची एक रांगच कार्यालयाच्या भिंतीवर लुकलुकत असे.

त्या रांगेचा दोष एका मृत्यूने उघड केला. पाच क्रमांकाच्या खोलीतील आजी गेल्या त्या सकाळी फायबर बंद पडले होते. त्यांच्या खोलीचा कॅमेरा फायबरच्या डब्याला बांधलेला होता. मुलगा दुबईत काळ्या पडद्यापुढे बसून राहिला. गच्चीवरची लाइन त्या वेळी उत्तम चालू होती. परंतु एका दात्याच्या डब्यातून दुसऱ्या दात्याच्या डब्यात जाण्यास वाटच नव्हती.

त्यानंतर आम्ही संगणकांच्या जाळ्याचे, म्हणजे नेटवर्कचे, काम करणाऱ्या एका गृहस्थांना बोलावले. चाळिशीचे, पूर्वी यंत्रमागांच्या मोटारी बांधून देत असत. त्यांनी भिंतीकडे पाहून कपाळाला हात लावला.

"गुरुजी, हे सगळे डबे आपसात बात करतात का?"

"नाही."

"मग हे नेटवर्क नाही हो. हा तर श्राद्धाचा फोटो-अल्बम आहे."

शेठजी मोठ्याने हसले. मला हसू आले नाही, पण वाक्य खोटे नव्हते.

त्यांनी समजावून सांगितले ते असे. साऱ्या लाइनी आणि सारी उपकरणे एकाच जाणत्या राउटरमध्ये यावीत. एक लाइन पडली तर त्याने सारी वाहतूक आपोआप दुसरीवर वळवावी. कॅमेऱ्यांची वाट वेगळी, डॉक्टरांची वेगळी, कार्यालयाची वेगळी असावी. असा राउटर निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात : त्याला पोर्ट किती आहेत, त्या पोर्टांच्या मागे बळ किती आहे, आणि तो स्वतः मेला तर काय होईल. ते ज्याला पोर्ट म्हणत त्याला मी मनात द्वार म्हणत असे.

त्यांनी तीन पर्याय ठेवले. पहिला, दहा द्वारांचा एकच राउटर, ज्यात प्रत्येक लाइनीला तिचे स्वतंत्र द्वार मिळेल. दुसरा, थोड्या द्वारांचा पण बळकट राउटर, आणि त्याच्यापुढे एक स्विच, ज्यावर हवी तेवढी द्वारे वाढवता येतील. मात्र त्यांच्यामधल्या भिंती डोळ्यांना दिसणार नाहीत, त्या आज्ञेने उभ्या केलेल्या असतील. तिसरा, दुसऱ्यासारखाच, पण राउटर एकाऐवजी दोन. एक काम करील, दुसरा शेजारी स्वस्थ बसेल आणि पहिला पडताच आपण होऊन उभा राहील.

"माझं ऐकाल तर तिसरा घ्या," ते म्हणाले. "साऱ्या घराचे कपडे एकाच खुंटीला टांगू नका. खुंटी निघाली तर सगळेच खाली."

"तो दुसरा रोज काय काम करील?" शेठजींनी विचारले.

"काहीच नाही. बसून राहील."

"किती दिवस?"

"देव करो, कायमचा."

शेठजींनी मान हलवली. "मग त्याच्यावर बापाचं नाव कोण घालील, सांगा बरं? ज्याची लाइट पण पेटणार नाही त्याच्यावर?"

हा प्रश्न हास्यास्पद वाटेल, परंतु आमच्या घरात त्याला मोठे वजन होते. दात्यांची मुले-सुना वर्षातून एकदा येतात, आपली वस्तू पाहतात, तिच्यावरून हात फिरवतात. चालणारी वस्तू त्यांना पुण्याचे चालते रूप वाटते. आमच्याकडे राखीव खाट आजवर कोणी दिली नाही.

मी बैठकीत प्रतिनिधीचा विषय काढला. यज्ञात मुख्य द्रव्य नष्ट झाले किंवा मिळाले नाही, तर त्याच्या जागी घ्यावयाचे द्रव्य, म्हणजेच प्रतिनिधी, शास्त्राने सांगितले आहे. कर्म अडू नये, एवढाच त्यातला हेतू. जाणते यज्ञकर्ते ते आधीच जवळ ठेवीत. मग राउटरला प्रतिनिधी का नसावा? सर्वांनी आदराने ऐकले. शेठजी म्हणाले, "गुरुजी, तुमचं शंभर टक्के बरोबर. दाता आणा, उद्या घेऊ." दुसरा पर्यायही टिकला नाही. स्विचवरची द्वारे समाईक, तेव्हा कोणाची पाटी कोठे लावायची, यावर यंत्रमागवाल्यांनी निरोप पाठवून हरकत घेतली. दहा द्वारांचा एकच राउटर मंजूर झाला. प्रत्येक द्वाराखाली नखाएवढ्या अक्षरांत एकेका दिवंगताचे नाव चिकटवण्यात आले. जुने डबे विकणे किंवा टाकणे दानाचा अपमान ठरला असता, म्हणून ते देडतलाईच्या एका शाळेला सन्मानाने पोचवले.

जाळे नीट चालू लागले. त्याचा सर्वांत अधिक लाभ तीन क्रमांकाच्या खोलीला झाला.

त्या खोलीत माझा सहाध्यायी होता. आम्ही दोघे एका पाठशाळेत, एका सतरंजीवर बसून शिकलो. पुढे मी शाळेत गेलो आणि तो कापडगिरणीच्या कचेरीत. पत्नी आधीच गेलेली. आता फुप्फुसे निकामी झाली होती आणि नाकाला नळी लावलेली असे. एकुलती मुलगी नेदरलँड्समध्ये होती. तिला दिवस गेलेले, त्यात काही गुंतागुंत, आणि डॉक्टरांनी तिला अंथरुणातून उठण्यासही मनाई केलेली. ती येऊ शकत नव्हती आणि तो थांबू शकत नव्हता. इकडे बाप आडवा, तिकडे लेक आडवी, आणि मध्ये आमचा तो दहा द्वारांचा राउटर.

तिला लहानपणी त्याने एक स्तोत्र शिकवले होते. रोज दुपारी ती पडद्यावर येई आणि ते म्हणे. त्याला म्हणण्याइतका श्वास राहिला नव्हता. ती मधलीच एखादी ओळ मुद्दाम गाळी. तो डोळे मिटूनच तर्जनी वर करी.

"सापडलं बाबांना!" ती हसे. "आज पण सापडलं."

मग ती गाळलेली ओळ म्हणून पुढे जाई. बोट किती लवकर आणि किती उंच उठले, यावरून ती बापाची प्रकृती ओळखत असे. एकदा माझ्याजवळ ती म्हणाली, "काका, डॉक्टर काय सांगतात ते मला नका सांगू. बोटाचं सांगा."

त्याने स्वतःसाठी एवढेच मागितले होते, की प्राण जाताना ते स्तोत्र तिच्या तोंडून कानावर पडावे. गंगाजळ मुखात घालायला मी होतोच. या एका गोष्टीसाठी मात्र वायर लागणार होती.

राखीव राउटरची गोष्ट मी त्याला सांगितली, तेव्हा तो तोडक्या श्वासांत म्हणाला, "अरे, मग माझं नाव घाल ना त्याच्यावर. मी देतो. मी पण राखीवच पडलोय इथे. दिवा नाही, काम नाही."

"गप रे."

"गप काय? जोडी चांगली जमेल."

"पाटीवर 'स्मरणार्थ' असतं. जिवंत माणसाचं स्मरणार्थ लिहीत नाहीत."

"तू आणि तुझं शास्त्र!" त्याला खोकला आला आणि सिस्टरने मला बाहेर जाण्याची खूण केली. सिस्टर म्हणजे आमच्या घराची परिचारिका; शब्द थोडे वापरते. त्यानंतर त्याने तो विषय पुन्हा काढला नाही. मी मंडळापुढे त्याची इच्छा ठेवली. शेठजींनी कानाच्या पाळ्यांना हात लावला. "नको, गुरुजी. माणूस खोलीत आहे. अपशकुन होईल." नाव न घालता दान घ्यावे, तर तशी रीत नव्हती. विषय पुढच्या बैठकीवर गेला.

वैशाखात आमच्याकडे वादळ आले की पहिला विचार केळीचा येतो. घड धरलेले झाड वाऱ्यापुढे उभे राहत नाही, आणि तासाभरात शेतेच्या शेते आडवी होतात. त्या दुपारी आकाश पिवळे पडले, तेव्हा शेठजी कार्यालयातून तसेच आपल्या बागेकडे धावले. मी तीन क्रमांकाच्या खोलीत होतो. माझ्या मित्राचे ओठ सकाळपासून निळसर दिसत होते. सिस्टरने मला दारात बोलावून हलक्या आवाजात सांगितले, "आजचा दिवस आहे, गुरुजी. मुलीला लावून द्या आणि चालूच ठेवा."

मी पडदा लावला. मुलगी उशीला टेकून बसली होती. तिला काही सांगावे लागले नाही. तिने बापाच्या ओठांकडे पाहिले आणि सुरुवात केली. पहिल्या दोन ओळी झाल्या असतील. खिडकीबाहेर प्रकाश झाला आणि त्याच क्षणी आवाज. वीज कोठे तरी अगदी जवळ कोसळली होती. पडदा गोठला, तिचे तोंड अर्धे उघडे तसेच राहिले आणि मग तेही गेले.

कार्यालयात जळक्या प्लास्टिकचा वास होता. गच्चीवरच्या तबकडीच्या वायरीला संरक्षक बसवलेला होता, परंतु ती वीज त्याला मोजीत नव्हती. ती एका द्वारातून आत शिरली आणि उरलेल्या नऊही द्वारांतून हिंडली. राउटरचा एकही दिवा लागलेला नव्हता. शेजारी भिंतीवर, लाइन जेथे घरात शिरते तेथे, फायबर कंपनीचा लहानसा डबा हिरवा दिवा लावून शांत बसलेला होता. फायबरची लाइन दारापर्यंत येऊन उभी होती; तिला आत घेणारे कोणी नव्हते. जुनी रांग भिंतीवर असती तर तबकडीचा एक डबा जळाला असता, आणि बाकीचे दिवंगत लुकलुकत राहिले असते.

मी गच्चीवर गेलो. वारा उभे राहू देत नव्हता. जाळेवाल्यांना फोन लागला. ते असीरगढला एका कामावर गेले होते.

"गुरुजी, राउटर गेला असेल तर तसला इंदूरवरूनच येईल. मी आलो तर कंप्यूटर सीधा फायबरला जोडून देतो, चालेल तेवढं. त्याची सेटिंग फोनवर सांगून जमणार नाही. पण रस्त्यावर झाडं आडवी झाली आहेत. गाडी हलत नाहीये."

"केव्हा पोचाल?"

"त्यांची तब्येत कशी आहे?"

सिस्टरने सांगितले होते ते मी सांगितले. ते म्हणाले, "पायी निघतो, पुढे काही मिळालं तर बघतो," आणि फोन बंद झाला.

खाली सिस्टरने उपाय काढला. रुग्णाला जिना चढवणे अशक्य होते, प्राणवायूचे यंत्र वर जाणार नव्हते. तिने आपला मोबाईल माझ्या हातात दिला. "तुमच्या फोनवर मुलीला म्हणायला सांगा, माझ्या फोनमध्ये आवाज भरून घ्या आणि खाली आणा. मी इथे सांगून ठेवते, की ती म्हणते आहे."

मी मित्राच्या कानाशी वाकलो. "ती म्हणते आहे. मी घेऊन येतो." त्याची पापणी हलली, बोट हलले नाही.

मुलीने पहिल्याच घंटीला फोन उचलला. काय झाले ते मी सांगितले. ती रडली नाही. "भरून घ्या, काका," म्हणाली. "मी एक ओळ गाळीन. बोट उठलं का ते बघा आणि मला सांगा. कितीही वेळ लागू दे, मी फोन हातातच ठेवते."

टाकीच्या आडोशाला बसून मी दोन्ही फोन गुडघ्यांवर जवळजवळ ठेवले. वाऱ्यात तिचा आवाज येई आणि तुटे. समोर नदीपलीकडच्या बागा एका बाजूने लवंडत होत्या. ती घाई न करता म्हणत होती, जशी पाठशाळेत आम्हाला शिकवण होती, प्रत्येक पद आपल्या जागी ठेवीत.

अर्धे स्तोत्र झाले असेल, तेव्हा खाली अंगणात सिस्टर आली. तिने वर पाहिले. ती हाक मारील असे वाटले. तिने मारली नाही. दोन्ही हात जोडले, क्षणभर तशीच उभी राहिली आणि आत गेली.

मला त्याच क्षणी मुलीला थांबवता आले असते. परंतु ती स्तोत्राच्या मध्ये होती, आणि आरंभलेले पठण मध्येच तोडू नये असे मला आणि तिच्या वडिलांना एकाच गुरूंनी शिकवले होते. मी ऐकत राहिलो. दुसऱ्या फोनचा लाल ठिपका आवाज भरून घेत होता, आता कोणासाठी, हे त्याला ठाऊक नव्हते.

मग तिने ओळ गाळली.

ती पुढची ओळ म्हणू लागली, थोडी सावकाश, जणू तेथे कोणाची वाट पाहत. त्या रिकाम्या जागी रोज एक बोट उठत असे. मी जन्मभर मुलांच्या गाळलेल्या ओळी दुरुस्त करीत आलो. ही ओळ तशीच जाऊ देणे मला शक्य झाले नाही. मी ती मोठ्याने, वाऱ्यावर आवाज चढवून, म्हणालो.

तिकडे आवाज थांबला.

"काका," ती म्हणाली, "तुम्ही का सांगितलंत?"

मी फोन गुडघ्यावरून उचलून कानाशी धरला.

"खाली जाऊन बाबांना ऐकवायचं होतं ना?"

"हो, बाळ."

बराच वेळ फोनमध्ये नुसता वारा होता; तो येथला होता की तेथला, कळत नव्हते. मग तिने ती गाळलेली ओळ स्वतः म्हटली आणि तेथून पुढे शेवटापर्यंत सारे स्तोत्र पूर्ण केले. कोठेही अडखळली नाही. संपल्यावर तिने एवढेच विचारले, की शेवटी कोण जवळ होते. मी सिस्टरचे नाव सांगितले.

प्रतिनिधीच्या नियमाचा उत्तरार्ध मी बैठकीत सांगितला नव्हता, कारण तेथे त्याचे काम नव्हते. द्रव्याला प्रतिनिधी चालतो. ज्याचे कर्म आहे त्या यजमानाला मात्र प्रतिनिधी नाही. हे मी कित्येक विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतले आहे.

जाळेवाले अंधार पडता पडता पोचले. गुडघ्यापर्यंत चिखल होता. त्यांनी खोलीच्या दारातून पाहिले, चपला काढून आत नमस्कार केला, आणि मग कार्यालयात जाऊन फायबरची वायर सरळ संगणकाला जोडून दिली. दोन क्रमांकाच्या खोलीतील बाईंचा भाऊ पुण्याहून दुपारपासून ताटकळत होता. त्याचा चेहरा पडद्यावर आला.

दहनाला शेठजी आले. त्यांची बाग पूर्ण झोपली होती आणि चेहऱ्यावरची माती त्यांनी धुतलेली नव्हती. घाटावरून परतताना ते माझ्याजवळून चालत राहिले. मग म्हणाले, "गुरुजी, ते दोन राउटरवालं मंगवून घेऊ. तेरावं झालं की."

"घेऊ."

"राखीववर नाव..." त्यांनी वाक्य सोडून दिले.

आता दोन्ही राउटर कार्यालयाच्या भिंतीवर शेजारी शेजारी आहेत. डावा काम करतो. उजव्याचा दिवा पेटत नाही. दर पौर्णिमेला सायंसंध्येनंतर जाळेवाले येऊन डाव्याची वायर काढतात, उजवा उभा राहतो का ते पाहतात आणि पुन्हा वायर लावतात. तेवढा वेळ मी त्याच्यासमोर उभा असतो. मुलीला मुलगा झाला. उजवा राउटर तिने दिला. त्याच्या पाटीचा मजकूर तिने मला विचारला, तो मी कळवला. माझ्या मित्राचे नाव आणि खाली 'स्मरणार्थ'. मंडळात त्यावर चर्चा झाली नाही. लिहायला आता कोणाची हरकत उरली नव्हती.